रक्तस्रावात सलाईन किती आणि कुठवर?

मांडीचं हाड मोडून आलेला साठ किलोचा तरुण. बाहेर रक्त फारसं दिसत नाही, पण बंद मांडीत लिटर-दीड लिटर सहज साठतं. किलोमागे 70 मिली धरलं तर त्याचं एकूण रक्त 4.2 लिटर, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा गेला. तरी वरचं बीपी 104! तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून साधारण 30 टक्के जाईपर्यंत बीपी धरून ठेवतं. म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागा. उत्तर 1 च्या पुढे गेलं की शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) समजून कामाला लागा. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेणाऱ्यांची नाडी वाढत नाही, तिथे हा हिशेब फसतो. पहिला हिमोग्लोबिन रिपोर्टही फसवाच. पेशी आणि प्लाझ्मा बरोबरच जातात, त्यामुळे आकडा सुरुवातीला छान येतो.

इंट्राकॅथ (शिरेत घालायची नळी) कोणती? हाताच्या पंजावरच्या गुलाबी 20 नंबरमधून मिनिटाला साधारण 60 मिली जातं, करड्या 16 नंबरमधून त्याच्या तिप्पट. कोपराच्या खोबणीत करड्या दोन लावा आणि सलाईन जोडण्याआधीच ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं (रक्तगट आणि रक्त जुळतं का ते तपासायचं) रक्त काढून घ्या. लांब, बारीक सेंट्रल लाइनमागे (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) वेळ घालवू नका, तिच्यातून सावकाश जातं.

आता द्रव. कोमट आरएल (रिंगर लॅक्टेट), 500 मिलीच्या दोन बाटल्या, बस्स. एटीएलएसने (अपघातग्रस्तांवरच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम) 2018 च्या आवृत्तीत दोन लिटरचं एक लिटर केलं, ते उगाच नाही. जास्त पाण्याने गोठण्याचे घटक पातळ होतात, अंग गार पडतं आणि बीपी चढलं की जेमतेम बसलेली गुठळी सुटते. ह्यूस्टनमध्ये धडाला गोळी किंवा भोसकल्याची जखम असलेल्या रुग्णांवर झालेल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन थांबवलेले जास्त जगले. त्यामुळे पुढे 250-250 मिली, वरचं बीपी 80-90 राहील इतकंच. डोक्याला मार असेल तर ही कंजूषी चालत नाही. तिथे 110 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) क्लोराइड लिटरला 154 मिलीमोल, बाटल्यांवर बाटल्या दिल्या की ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढतो. डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रव) शिरेत टिकतच नाही. शिरेतून द्यायचा स्टार्च किडनीला घातक, तो कपाटातच राहू द्या.

बाटली लवकर संपावी म्हणून तिच्यात हवेसाठी सुई खुपसतात आणि वर हाताने दाबतात. हे जिवावर बेतू शकतं: द्रव संपताच तीच हवा शिरेत ढकलली जाते. दाब द्यायचाच तर मऊ पिशवी घ्या, आतली हवा आधी काढा आणि मग प्रेशर बॅग (पिशवीभोवती गुंडाळायचा फुगा) 300 मिमी पाऱ्यापर्यंत फुगवा.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) 1 ग्रॅम 10 मिनिटांत, मग 1 ग्रॅम 8 तासांत. पहिला डोस मार लागल्यापासून तीन तासांच्या आतच. नंतर फायदा नाही, उलट नुकसान. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही तीन तासांचीच मर्यादा, पण दुसरा ग्रॅम 30 मिनिटांनी, रक्त थांबलं नसेल तरच.

दोन बाटल्यांनंतरही नाडी उतरत नसेल तर रक्तच हवं: लाल पेशी, एफएफपी (गोठवलेला ताजा प्लाझ्मा) आणि प्लेटलेट 1:1:1. आरएलच्या लाइनमधून रक्त सोडू नका, त्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात, एनएस चालतं. शरीरात उलटं घडतं. पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) रुग्णाचं कॅल्शियम बांधून टाकतं आणि भराभर रक्त देऊनही बीपी वर येत नाही. आयनाइज्ड (न बांधलेलं, मोकळं) कॅल्शियम लिटरला 1.1 मिलीमोलच्या खाली गेलं तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली सावकाश द्या, वेगळ्या लाइनमधून.

एफएफपी वितळायला 20-30 मिनिटं लागतात, तेव्हा रक्तपेढीला फोन पहिली बाटली लावतानाच करा.