गोव्याच्या वाटेवर संतांची संगत

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कोल्हापुरातून पायी निघणाऱ्याला उसाच्या गाड्यांमधूनच वाट काढावी लागते. कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याची कड व्यापून टाकतात आणि हातात जपमाळ घेऊन एका ओळीत चालणाऱ्या माणसांना पाहून चालक हमखास वेग कमी करून विचारतात, “माउली, कुठली दिंडी?” आषाढीला नंदवाळला जाणाऱ्या दिंड्या पाहिलेल्या या मुलखाला पायी चालण्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही, फक्त पंढरपूरऐवजी जुने गोवे एवढाच खुलासा करावा लागतो. ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर यांचा तिथला सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होतो. तो साधून आम्ही कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने निघालो होतो.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, मुक्कामाच्या ठिकाणी रोज एखाद्या संताविषयी वाचून दाखवत. त्यांची एकच अट होती: चमत्कार सांगायचे नाहीत, घरी परतल्यावर सोमवारी सकाळी उपयोगी पडेल तेवढेच सांगायचे. ही अट मला फार आवडली. संतचरित्रे वाचताना आपण दिव्य दर्शनांपाशी रेंगाळतो आणि त्याच संतांनी सासू, शेजारी, नोकरी, कंटाळा यांविषयी केलेला रोखठोक उपदेश भराभर उलटून जातो, असे माझे जुने मत आहे.

गडहिंग्लजच्या मुक्कामी अविलाच्या संत तेरेजा यांचा विषय निघाला. सोळाव्या शतकातील या स्पॅनिश संन्यासिनीने आत्मचरित्रात प्रार्थनेच्या चार अवस्था सांगताना बागेला पाणी देण्याचे चार प्रकार घेतले आहेत: विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने ओढणे, ओढ्याचे पाणी वळवून घेणे आणि शेवटी पाऊस. पहिल्या प्रकारात कष्ट माणसाचे असतात, पुढे ते कमी होत जातात आणि पाऊस तर सर्वस्वी देवाचा. सर पुढे वाचणार तोच कागलकडचे एक वयस्कर शेतकरी, आमचे आण्णा, सरसावून बसले. तरुणपणी त्यांनी मोट हाकली होती. बैल धावेवरून खाली जाताना नाडा कसा ताणला जातो, मोट वर येऊन थारोळ्यात उलटली की पाणी पाटात कसे पडते आणि उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की तीच मोट अर्धी-मुर्धी कशी येते, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. तेरेजा यांनीही नेमका हाच प्रश्न घेतला आहे: पुष्कळ दिवस पोहरा कोरडाच वर आला तर माळ्याने काय करावे? त्यांचे उत्तर असे, की बाग आपली नव्हे, धन्याची आहे. त्याला संतोष व्हावा म्हणून आपण शेंदत राहावे. आण्णांनी त्यात आपली भर घातली. “पाणी न्हाई म्हणून चार दिवस बैल जुपलंच न्हाईत, तर पाणी आल्यावर बैल धावंवर चढत न्हाईत, सर. सवय मोडती.” कोरड्या, म्हणजे मन न लागणाऱ्या, प्रार्थनेविषयी मी बरीच प्रवचने ऐकली आहेत, इतके नेमके स्पष्टीकरण माझ्या ऐकण्यात नव्हते.

तिथेच एक छोटा वादही झाला. आमच्याबरोबरची एक परिचारिका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला परत जाणार होती, कारण तिची रात्रपाळी होती. “नवस अर्धा सोडू नये, ताई,” असे कोणीतरी म्हणालेच. सरांनी त्यावर जिनेव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांचा दाखला दिला. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी विचारले आहे, की बिशपने मठवाशासारखा एकांत धरला, संसारी माणसाने फकिरासारखी बचत सोडली किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरणार नाही का? ज्याच्या त्याच्या कर्तव्याला बाधा आणणारी भक्ती खोटी, असा त्यांचा स्पष्ट निवाडा आहे. धर्मग्रामातील (पॅरिशमधील) समित्या, मिरवणुका आणि बैठकांत बुडालेल्या, पण घरच्यांना सायंकाळी न दिसणाऱ्या मंडळींनी हे प्रकरण वर्षातून एकदा तरी वाचावे, असे मला वाटते. परिचारिका पहाटे गेली आणि तिच्या डब्यातल्या चटणी-भाकरीवर आम्ही आजऱ्यापर्यंत चाललो.

खरी कसोटी मात्र पायांची नव्हती, सोबत्यांची होती. एक काका चालताना मोबाइल स्पीकरवर लावून मोठ्याने बोलत, आणि जपमाळ सुरू झाली की सर्वांच्या अर्धा शब्द मागे राहून “नमो मरिया” म्हणत. आजऱ्याहून आंबोलीकडे चढताना हा स्वर माझ्या अगदी कानामागे होता. लिझ्यूच्या मठातील फ्रेंच संन्यासिनी संत तेरेज अवघ्या चोविसाव्या वर्षी, १८९७ साली वारल्या. त्यांच्याही पाठीमागे प्रार्थनेच्या वेळी एक भगिनी सतत चमत्कारिक आवाज करीत असे. मागे वळून तिच्याकडे रोखून पाहावे, अशी त्यांना अनावर इच्छा होई. त्यांनी पाहिले नाही. उलट तो आवाज एखादी सुरेल मैफल असल्यासारखा लक्ष देऊन ऐकायचे ठरवले. घामाने अंग भिजून जाई, असेही त्या प्रांजळपणे लिहितात. मैफलीची कल्पना मला काही केल्या जमली नाही. पण मागे वळून न पाहणे जमण्यासारखे होते, आणि लहानसहान कृतींतून देवाकडे जाण्याचा तेरेज यांचा ‘लहान मार्ग’ बहुधा तेवढ्याच आकाराच्या गोष्टींचा आहे.

आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा आणि पुढचा गोव्यातला टप्पा यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. पाय सुजले होते आणि सगळे गप्प होते. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या रांगेत उभे असताना सरांनी झेवियर यांची एक गोष्ट सांगितली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले तेव्हा परमगुरूंचे (पोप यांचे) प्रतिनिधी होते, तरी राहायला त्यांनी इस्पितळ निवडले आणि हातात घंटा घेऊन मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत ते रस्त्यांतून हिंडले. पुढे मोलुक्कासारख्या दूरच्या बेटांवर असताना त्यांनी आपल्या येशूसंघीय (जेझुइट) बंधूंच्या पत्रांवरील सह्या कापून घेतल्या आणि आपल्या व्रतवचनासह त्या सतत जवळ बाळगल्या. इतका धीट माणूस, आणि त्याला सोबत्यांची नावे अंगाशी लागत होती!

मी माझी वही पुढे केली. रांगेतच प्रत्येकाने त्यात आपले नाव लिहिले, आण्णांनी अंगठ्याएवढ्या टपोऱ्या अक्षरांत. काकांनी नावापुढे मोबाइल क्रमांकही घातला आणि मला बजावले, “पुढच्या साली निघायच्या आधी फोन करा. स्पीकरवरच असतोय मी.”