तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॉथ एवढा स्लो असून जगतो कसा?

मला स्लॉथचं, म्हणजे झाडाला उलटं लटकून राहणाऱ्या त्या प्राण्याचं, वेड आहे हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, एवढा संथ प्राणी जंगलात टिकला कसा, याला तर कोणीही खाऊन टाकेल. अठराव्या शतकात बुफाँसारख्या नामवंत फ्रेंच निसर्गअभ्यासकानेही लिहून ठेवलं होतं की अजून एखादं व्यंग असतं तर हा प्राणी जगूच शकला नसता. मला हे अजिबात पटत नाही. स्लॉथ हळू आहे म्हणूनच टिकलाय.

सगळं येऊन थांबतं पानांवर. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनात उंच झाडांवर पानं म्हणाल तेवढी, पण कस कमी, चिवट, वर कोणी खाऊ नये म्हणून झाडानेच भरलेली विषारी द्रव्यं. तीन बोटांचा स्लॉथ जवळजवळ पानांवरच जगतो, कप्प्याकप्प्यांच्या पोटात ती आंबत राहतात आणि पूर्ण पचायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. आवकच एवढी तुटपुंजी म्हटल्यावर खर्चाला हात आखडता घ्यावाच लागतो ना. म्हणून अंगात स्नायू कमी, आणि शरीराचं तापमानही आपल्यासारखं एका आकड्यावर धरून ठेवत नाही, हवा गार झाली की तोही गार होतो, मग उन्हाला येऊन शेकत बसतो.

लटकणं बघा. लांब वाकड्या नख्या फांदीत अडकल्या की धरून ठेवायला फारशी ताकद लागत नाही, मेलेला स्लॉथसुद्धा कधीकधी तसाच लटकलेला सापडतो! आणि उलटं लटकल्यावर ते पानांनी भरलेलं जड पोट फुप्फुसांवर पडून श्वास घेणं अवघड झालं असतं, पण आतले अवयव बरगड्यांना चिवट पट्ट्यांनी बांधलेले असतात. मला विचाराल तर त्याच्या शरीरातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. मानही तशीच, जिराफापासून उंदरापर्यंत बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मानेत मणके ७, तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत ८ किंवा ९, त्यामुळे अंग न हलवता डोकं जवळजवळ मागेपर्यंत फिरवून आजूबाजूची पानं खाता येतात.

आता खाऊन टाकण्याचं. हार्पी गरुड वरून शोधत असतो, आणि हालचाल दिसली की शिकार सापडते, हा तर हलतोच इतकं हळू. त्यात केस. इतर प्राण्यांचे केस पाठीवरून पोटाकडे उतरतात, याचे पोटाकडून पाठीकडे, कारण हा उलटा लटकतो आणि पाऊस निथळून जायला हवा. त्या केसांवर बारीक भेगा असतात, त्यात पाणी धरतं, शेवाळ वाढतं आणि अंग हिरवट होऊन पानांत मिसळून जातं. त्याच केसांत पतंगही राहतात. तीन बोटांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा शी करायला झाडाखाली उतरतो, तेव्हा पतंगाच्या माद्या त्या शीमध्ये अंडी घालतात आणि पुढची पिढी उडून वर पुन्हा कुठल्यातरी स्लॉथच्या अंगावर जाते. एका प्राण्याच्या अंगावर केवढा संसार!

एवढं सगळं जमवलेला हा प्राणी हतबल होतो तो जमिनीवर, कारण मागच्या पायांत अंग पेलायची ताकद नाही, पुढच्या नख्या रोवून स्वतःला ओढत न्यावं लागतं. मध्ये झाडं तोडून रस्ता केला की एका झाडावरून दुसऱ्यावर जायचा मार्गच तुटतो, आणि रस्ता ओलांडताना गाडी, कुत्रं, काहीही. कोस्टा रिकात म्हणून काही ठिकाणी झाडाला झाड जोडणारे दोरांचे पूल बांधलेत, आणि स्लॉथ ते खरंच वापरतात.