कानाने संपादन

मुंबईतल्या एका मराठी मासिकाची मी बरीच वर्षं संपादक होते. आता पॉडकास्टची प्रोड्यूसर आहे. हे कसं जमवलं असं मला विचारणारे बहुतेक जण आमच्याच धंद्यातले असतात : उपसंपादक, मुद्रितशोधक, दिवाळी अंक काढणारे. पुढे आपलं काय, हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. हे त्यांच्यासाठी लिहितेय.

आमचं मासिक २०२०च्या टाळेबंदीत आजारी पडलं, ते पुन्हा उठलं नाही. मुंबईत तेव्हा वर्तमानपत्रंसुद्धा दारात पडेनाशी झाली होती, मग मासिकाची काय कथा! जाहिराती आटल्या, कागदाचे भाव चढले, वर्गणीदारांचे पत्ते बदलले. मालकांनी शक्य तितकं ओढलं आणि मग थांबवलं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं.

पॉडकास्ट मी आधीपासून ऐकत होते. पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. म्हणून आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ निवेदिकेकडे शिकायला गेले. मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ला. म्हणजे माणसाचा आवाज नीट कसा ऐकवायचा, हे या शहराला शंभरेक वर्षांपासून ठाऊक आहे. ते ज्ञान सोडून थेट यूट्यूबवरचे परदेशी धडे गिरवायला बसायचं मला पटत नव्हतं.

बाईंनी माझा मजकूर हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता हे उभं राहून, न थांबता वाचून दाखव." मी लिहिलं होतं : '१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झालेल्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांनी...' अर्ध्यातच दम लागला. बाईंनी पेन्सिलने त्याचं असं केलं : 'साल १९८२. तारीख १८ जानेवारी. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचे नेते होते डॉक्टर दत्ता सामंत.' छापायला पहिलं वाक्य चालतं, कारण वाचणारा डोळा मागे नेऊन पुन्हा वाचू शकतो. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असलेला माणूस फोन काढून दहा सेकंद मागे जात बसत नाही. त्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे. म्हणून कानासाठी लिहिताना आधी माणसाचं नाव, मग त्याचं बोलणं. 'ते', 'त्यांनी' ही सर्वनामं कमी, नाव पुन्हा पुन्हा. छापील लेखात जी द्विरुक्ती मी लाल पेनाने काढली असती, ती इथे मुद्दाम ठेवते.

संपादकाकडचं बाकी सगळं मात्र जसंच्या तसं उपयोगी पडतं, हे मला ठासून सांगायचंय. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक एक काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय : विषय ठरवायचा, योग्य माणूस शोधायचा, त्याच्या मागे लागायचं, मजकूर आला की तपासायचा आणि तारीख गाठायची. पॉडकास्टचा सीझन म्हणजे हेच काम. मी आजही आधी अनुक्रमणिका करते, मग पाहुण्यांना फोन. फरक एकच, पण तो मोठा आहे. मासिकाला सोळा पानांच्या फॉर्मची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाची, शिस्त होती, जागा संपली की लेख कापावाच लागायचा. इथे जागा संपतच नाही. त्यामुळे तासतासभर गप्पा तशाच सोडून देण्याचा मोह होतो, आणि मराठीत असे एपिसोड बरेच आहेत. मी स्वतःला तीस मिनिटांचा फॉर्म घालून घेतलाय. मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर ३,६०० शब्द होतात. मोठ्या लेखाएवढा मजकूर झाला तो.

सामानाबद्दल थोडक्यात. महागड्या कंडेन्सर माइकच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तो खोलीतलं सगळं टिपतो, आणि मुंबईच्या खोलीत काय नसतं? कावळे, शेजारच्यांचा कुकर, सोसायटीचा पंप, रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला की यातलं बरंचसं मागे पडतं. फ्रिज आणि पंखा बंद करायचा, खिडकीवर गोधड्या टाकायच्या. रेकॉर्डिंग संपल्यावर सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, त्याला रूम टोन म्हणतात. पुढे एखादा शब्द काढला की तिथे जो खड्डा पडतो, तो याच आवाजाने बुजवता येतो. एडिटिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला तेवढं पुरे.

खरी मेहनत हक्कांवर झाली. आमच्या मासिकातल्या जुन्या कथा आवाजात आणाव्यात असा माझा पहिला बेत होता. मालकांची काहीच हरकत नव्हती. पण लेखकांशी झालेला पत्रव्यवहार काढून बघितला, तर कथा 'अंकासाठी' दिलेली. ध्वनीचा उल्लेख कुठेच नाही, असणार तरी कसा? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर केलेल्या करारातसुद्धा, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. जुन्या पत्रांत तर हक्क सोपवल्याचंच काही नव्हतं. कथेवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं राहतो. म्हणजे लेखक हयात नसेल तर वारसांची लेखी परवानगी हवी. गिरगाव, डोंबिवली, पार्ले, मी घरोघर गेले. एका लेखकाच्या सूनबाईंनी चहा ठेवला आणि सासऱ्यांची वही आणून दाखवली. तरी सही करण्याआधी कागद त्यांनी तीन वेळा वाचला, आणि मला ते आवडलं. परवानगीच्या पत्रात मी मुदत, भाषा, माध्यम आणि मानधन असं सगळं लिहून देते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नका.

मग गिरणगावावरची मालिका आली आणि संपादन म्हणजे काय, हे मला नव्याने समजलं.

लालबागच्या चाळीत एका मावशींना भेटले. गिरणी कामगारांसाठी त्या खाणावळ चालवायच्या. नवरा गिरणीत. संप लांबला तशी जेवणाऱ्यांची उधारी वाढत गेली, डबे मात्र चालू राहिले. अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्यामुळे मावशींना कर्ज, हप्ता, बँक हे सगळं चांगलं माहीत होतं. बोलायला एकदम खणखणीत. मी संपाबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "संपानं आमचं वाटोळं झालं, असं मी नाय म्हणणार. संपाच्या आधीपासूनच गिरणीत काय राह्यलं नव्हतं."

आमचा साउंड एडिटर हुशार मुलगा आहे. त्याने तीस सेकंदांचा प्रोमो केला आणि वेळ बसवताना त्यात मावशींचं एवढंच घेतलं : "संपानं आमचं वाटोळं झालं." मी त्याला बसवलं आणि पूर्ण वाक्य पुन्हा ऐकवलं. मराठीत नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. माणूस आधी सगळं मांडतो आणि मग 'असं नाही' म्हणतो. शेपूट कापलं की अर्थ उलटा. पण कान तयार असेल तर कापलेलं ऐकू येतं : 'झालं'वर मावशींचा आवाज वर चढलेला होता, खाली आलेला नव्हता. वाक्य संपताना आवाज खाली येतो. त्याने हेडफोन लावून दोन्ही तुकडे ऐकले आणि म्हणाला, "हो ताई, आवाज लटकतोय." प्रोमोत आम्ही मावशींची दोन्ही वाक्यं ठेवली, माझं निवेदन छाटलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : पाहुण्याचं वाक्य कापायचं तर आवाज खाली आलेला असेल तिथेच, आणि कापलेला भाग दुसऱ्या माणसाने मूळ रेकॉर्डिंगशी ताडून बघायचा. मासिकात दुसरं प्रूफ वेगळ्या माणसाकडे जायचं, तसंच. ज्यांनी विश्वासाने घरात घेतलं त्यांच्या तोंडी न बोललेलं घालणं मला कुठल्याही माध्यमात मान्य नाही.

प्रकाशित करणं त्यामानाने सोपं. होस्टिंग, म्हणजे एपिसोडच्या फाइल्स ठेवायची ऑनलाइन जागा घ्यायची, त्यातून आरएसएस फीड, म्हणजे एपिसोडची यादी देणारी लिंक मिळते, ती एकदा ॲपल आणि स्पॉटिफायला दिली की पुढचे एपिसोड आपोआप पोचतात. चौकोनी कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं करा. आवाजाची पातळी ॲपल सांगतं तशी उणे १६ लफ्सच्या (LUFS, आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याला सारखा व्हॉल्यूम वरखाली करावा लागत नाही.

पैशांचं खरं सांगते. स्वतःच्या पॉडकास्टवर घर चालत नाही, निदान माझं तरी नाही. घर चालतं दुसऱ्यांसाठी केलेल्या कामावर : संस्थांचे पॉडकास्ट, प्रकाशकांची बोलती पुस्तकं. स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं ॲप २०१७ साली भारतात आलं ते मराठी घेऊनच, तेव्हापासून बोलत्या पुस्तकांना मराठीत एक बाजार मिळाला. तिथे उच्चार तपासणारा, वाचणाऱ्याला अर्थ समजावणारा माणूस लागतो, आणि संपादकाला ते येतं. मी महिन्याचे काही दिवस या कामाला देते, उरलेले माझ्या मालिकांना.

आता प्रत्येक एपिसोडसोबत आम्ही त्याचा पूर्ण मजकूर देतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तो वाचता येतो, अभ्यासकांना संदर्भाला मिळतो. यंत्राने उतरवलेलं मराठी कच्चंच असतं, मालवणी वळणाचं बोलणं आलं की ते पारच गोंधळतं. म्हणून आमच्या मासिकाचे जुने मुद्रितशोधक हे काम करतात. मावशींचं 'राह्यलं' तसंच ठेवायचं की 'राहिलं' करायचं, यावर आमचा फोनवर बराच वाद झाला. शेवटी ठरलं : पाहुण्याचं बोलणं बोललं तसं, आमचं निवेदन नियमाप्रमाणे. मुद्रितशोधकांचं मानधन एपिसोडच्या खर्चात मी पहिल्या ओळीत धरते, स्टुडिओच्याही आधी.