अडकलेल्या सुरानं दाखवलेला धंदा

कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. सुरुवात दुरुस्तीपासून झाली. ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले यांचे कीबोर्ड यायचे, लग्नसराईत गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तानपुऱ्यासारखा सूर धरणारा छोटा सिंथेसायझर आपणच काढावा, हे डोक्यात आलं. पतसंस्थेचं कर्ज कसं निघालं ते सांगत बसत नाही.

माल बाजारात गेला आणि तासगावच्या एका वादकाचा फोन आला, "तुमच्या पेटीचा सूर मध्येच अडकतोय, सुटतच नाही." सूर धरणाऱ्या यंत्राबद्दल ही तक्रार! गाळ्यात मात्र पेटी गुणानं वाजायची. शेवटी त्यांना म्हटलं, सगळा सेटच घेऊन या.

गोम त्यांच्या रिदम मशीनमध्ये निघाली. ती आमच्या पेटीला मिडीच्या तारेनं जोडलेली होती. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा; १९८३ पासून या तारेवरचा वेग तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे एका बाइटला (सुरुवात-शेवटच्या खुणा धरून दहा बिट) ३२० मायक्रोसेकंद. संदेशाचा पहिला बाइट, म्हणजे स्टेटस बाइट, काय करायचं ते सांगतो; लागोपाठच्या सुरांत तो पुन्हा पाठवायची गरज नसते, आधीचाच चालू धरायचा. रिदम मशीन लय जुळवायला दर मात्रेला २४ क्लॉक बाइट (एफ८) सोडते आणि ते कुठल्याही संदेशाच्या मधोमध घुसू शकतात. आम्ही तारेवरचा एकेक बाइट वेळेसकट नोंदवायला लागलो, तेव्हा दिसलं (आकडे हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतले): ९० (सूर वाजव), ३सी (कुठला सूर), ४० (किती जोरात) असा सूर सुरू. मग ३सी, लगेच एफ८, मग ००. हे शेवटचं शून्य, जोर शून्य, म्हणजे सूर बंद. पण मिडी वाचायला विकत घेतलेल्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रामात, एफ८ आला की चालू स्टेटस पुसला जायचा, मग ते शून्य बेवारस ठरून फेकलं जायचं. एफ८ आणि त्यापुढचे बाइट स्टेटसला हात न लावता बाजूला काढले, प्रश्न मिटला.

खरी कमाई पुढे झाली. प्रत्येक दोन बाइटांमध्ये मुद्दाम एफ८ घुसवणारी चाचणीपेटी आम्ही बनवली. आता दुसऱ्यांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला प्रोग्राम, तपासायची कामंही येतात, आणि खरं सांगायचं तर विक्रीपेक्षा यात डोकेदुखी कमी. परवा एकाच्या यंत्रात पिच बेंडचे, म्हणजे सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकाचे, दोन बाइट उलटे वाचले जात होते. चाक मध्यावर सोडलं की मध्याचा आकडा ८१९२ यायच्या ऐवजी ६४, सूर थेट तळाला. दोष तासाभरात सापडला. बिल अजून निम्मं येणं आहे.