घरचे कागद अजून का वाचून झाले नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं सगळेच विचारतात. इथे वडोदऱ्यात खंडेराव मार्केटात भाजी घेताना विचारतात, लग्नात अक्षता हातात असताना विचारतात. आमच्या शेजारणीला मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, धड ठाऊक नाही, पण जिन्यात भेटली की तिचंही असतंच, ‘बेन, पेलां कागळियां वंचायां?’ सगळ्यांचा प्रश्न एकच. हिला मोडी येते, घरात ट्रंकभर जुन्या कागदांचं दप्तर पडलंय, नोकरी संपली, मग घरचे कागद वाचायला हिला होतंय काय? आणि पाठोपाठ सल्ला येतोच. रोज एक पान वाचायचं, बघता बघता ट्रंक रिकामी.

हा हिशेब मलाही येतो. बँकेत आयुष्य गेलंय माझं.

आळस म्हणाल तर तो नाही. मांडवीकडच्या एका देवळाच्या नेमणुकीचे कागद मी डोळे दुखेपर्यंत बसून लावून दिले. ओळखीतल्या एकांचं जुनं खरेदीखत होतं, चतुःसीमेसकट उतरवून दिलं. पुण्याहून कोणी कोणी फोटो पाठवतात, तेही वाचून देते, रात्री जागून देते. मोडी अवघड आहे म्हणून अडतं असंही नाही. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात न उचलता अक्षरं खाली लोंबवत न्यायची, अशी ती लिहिलेली. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण एकदा त्या कारकुनाचा हात डोळ्यात बसला की वाचता येतं. आमच्या दप्तरातला हात तर सुबक आहे. परक्याचा कागद सोडवताना मी जेवण विसरते, आणि आमचा रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, समोर आला की मला एकदम पंख्याची पाती पुसायची आठवण होते.

कारण तुम्हाला हवंय. माझ्याकडे एक प्रसंग आहे. तेच कारण आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रावपुऱ्यातलं जुनं घर विकायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. सगळे जमले होते. माळ्यावरून ट्रंक खाली काढली. काका हिंचक्यावर. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती काकांइतकी रंगवून कोणी सांगत नसे. १८७५ च्या मे महिन्यात कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं, त्यांचे सयाजीराव महाराज झाले, त्या दिवशी आमचे खापरपणजोबा दरबारात मानाच्या जागी उभे होते. पुढे म्हणे महाराजांनी त्यांना काहीतरी लिहून दिलं. काय, ते कोणालाच माहीत नाही, कारण ते मोडीत. मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं तेव्हा काका म्हणाले होते, ‘तुला काय करायचंय शिकून? ठेवलंय ना जपून आम्ही.’ त्या दिवशी मात्र म्हणाले, ‘बस, वाच.’

वरचाच रुमाल सोडला. पहिल्याच कागदावर ‘सीत सबैन मयातैन व अलफ’. हे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत वर्ष असं अरबी शब्दांत लिहीत. अरबी आकडे उलटे लावायचे, सहा, सत्तर, दोनशे, हजार. १२७६, म्हणजे इसवी १८७५ च्या मृगापासून पुढचं वर्ष. मी मोठ्यानं सांगितलं आणि काकांचा हिंचका थांबला. दत्तकविधानानंतर लगेचचा कागद! चुलतभावानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. काकूंनी पदर सारखा केला, का ते माहीत नाही.

मग मी पुढे वाचलं. छ ९ साबान, म्हणजे साबान महिन्याची नववी तारीख. सावकाराचं नाव. विनंती अशी की बाबाशाही, म्हणजे तेव्हाच्या वडोदरा संस्थानाच्या, रुपयांचं व्याज थकलं आहे ते खरं, पण मुदत वाढवून द्यावी. रक्कम. खाली ‘देणें’.

‘येणें असेल,’ काका म्हणाले.

मी परत बघितलं. देणेंच होतं.

‘नीट बघ. आपल्याकडून घेत असणार तो. येणें.’

खाली तपशील होता. गहाण ठेवलेल्या पाटल्या, जोड, वजन. मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, ‘काका, येणं असतं तर पाटल्या आपल्या घरात आल्या असत्या. या गेल्यात.’

कोणीतरी हसलं. भावानं मोबाइल खाली घेतला. काकू चहाच्या निमित्तानं उठल्या. काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, पहिल्या घडीवर घडी बसवून रुमालात ठेवला, रुमालाची गाठ स्वतः मारली आणि म्हणाले, ‘तुझी मोडी अजून कच्ची आहे.’ मग शेव-उसळ आली, घराच्या भावाची बोलणी सुरू झाली. कागदांचा विषय काकांसमोर पुन्हा कोणी काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात काका गेले. ट्रंक माझ्याकडे आली, कारण मोडी मला येते.

हे ऐकलं की लोक लगेच कनवाळू होतात. ‘अगं, मग तुला वाईट वाटतं म्हणून उघडवत नाही.’ बरं वाटतं ऐकायला, पण ते पुरतं खरं नाही. पाटल्यांवर बोट ठेवलं ना, त्या घटकेला मला मजा आली होती. चांगलीच आली होती. ‘तुला काय करायचंय शिकून’ ला दिलेलं उत्तर होतं ते, आणि तेही सगळ्यांसमोर. आता रुमालाला हात लावला की आधी ती मजा वर येते आणि तिच्यामागून हिंचक्यावरचे काका. दोन्ही एकदम नको होतं. त्यापेक्षा पंखा पुसलेला बरा.

वाचलं तर खरं वाचलं, याबद्दल मी माफी मागणार नाही. कर्ज काढणं ही लाजेची बाब आहे असंही मला वाटत नाही. १८७५ साली आधीच्या महाराजांना, मल्हाररावांना, पदच्युत करून गादी बदलली होती, अख्ख्या वडोदऱ्याची घडी विस्कटलेली होती. कारकुनांचे पगार तुंबले असतील, नसतील. आमच्या माणसानं पाटल्या ठेवून घर चालवलं, यात दरबारात उभं राहण्यापेक्षा कमी काय आहे? असं मी बोलते. मग दुपारी ट्रंकेशी बसले की मनात येतं, दुसऱ्या रुमालात दरबाराचा कागद निघाला तर? म्हणजे काका खरे. आणि नाहीच निघाला तर? म्हणजे काका कायमचे खोटे. बांधलेल्या रुमालात दोन्ही काका सुखरूप आहेत. तुमचं ‘रोज एक पान’ याला कुठे लागू करू?

गंमत म्हणजे हे ‘रोज एक पान’ मीच सांगत आलेय. वर्गात नवीन येणाऱ्यांना मी पुढे होऊन सांगायचे, मन काय म्हणतं ते बघू नका, हात चालवा, मन मागून येतं. तेव्हाच्या त्या बाईला आता कोणी हा रुमाल द्यावा. ती म्हणेल, तू नाटकं करतेस. मी म्हणेन, तुझा काका अजून जिवंत आहे, तू बोलू नकोस. आमचं काही जमायचं नाही.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिनं पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं. त्याचं १९९९ सालचं म्हणणं असं की नुसतं ‘मी हे करीन’ ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलं तर काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. मी तिची थट्टा केली. मग गुपचूप ठरवलं, दुपारच्या चहाचं आधण ठेवलं की रुमाल सोडायचा. सोडला. बरेच दिवस सोडला. तो माणूस बरोबर आहे, गाठ सुटते. पुढे चहा उकळून जाईपर्यंत मी उघड्या कागदाकडे बघत बसायचे. ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

मग एक पळवाट काढली. वाचायचं नाही, नुसतं उतरवायचं. मोडी अक्षर, खाली बाळबोध, म्हणजे आपलं नेहमीचं देवनागरी, अक्षर. शब्द तोडायचे नाहीत, अर्थ लावायचा नाही. मोडीत शब्द आधीच जोडलेले, त्यामुळे हे जमतं. काही ओळी अशा डोळे झाकल्यासारख्या उतरतात. मग नको तिथे ‘तूप’ दिसतं, ‘सुभानजीचें लग्न’ दिसतं, आणि मी वाचू लागते. वाचू लागले की लेखणी थांबते. पण तेवढ्या ओळी तर झालेल्या असतात. याला मनावर विजय वगैरे म्हणू नका. मन जागं व्हायच्या आत थोडा माल हलवून घेते, एवढंच. कधी कधी आठवडे जातात, काही हलत नाही. परवा चुलतभाऊ म्हणाला, सोडून दे, कोणाला वाचायचंय? त्याच दिवशी रागानं पानभर उतरवलं. त्यामागचं कारण तुम्हीच शोधा.

तर नाही, वाचून झालेले नाहीत. कधी होतील ते सांगत नाही, तारीख दिली की हातच थबकतो. दरबाराचा कागद निघाला का, हेही विचारू नका. निघाला तर कोणाला आधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे माझं ठरलेलं नाही.

तुमच्याकडे म्हणे आजोबांच्या वेळची पत्रं आहेत मोडीत. घेऊन या. आठवड्याभरात वाचून देते.