आमची वाटचाल : स्टिअरिंग सोडल्यावर

आमच्या वर्कशॉपची सुरुवात कार्टपासून, म्हणजे रेसच्या छोट्या उघड्या गाडीपासून, झाली नाही. इंदूरजवळ पीथमपूरला बाहा एसएई या खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी कॉलेजची मुलं यायची. त्यांच्या बगी गाडीचे हब आणि चाक धरणारे ए-आर्म आम्ही इंदूरला करून द्यायचो. नळी लोहामंडीची, लेथ आमचा. 305 सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन. त्यात वेगाने काही तुटत नाही, तुटतं ते उड्यांनी. तेही वेल्डवर नव्हे, वेल्डच्या कडेला, जिथे नळी तापून ठिसूळ होते. म्हणून वेल्डवर पाणी मारायचं नाही, आपोआप निवू द्यायचं.

भागीदारांपैकी एक जण तेव्हा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला रेस करायचा. त्याने रेसिंग थांबवलं आणि आम्ही कार्टिंगची टीम काढली. हा रस्ता जुनाच. ख्रिश्चन हॉर्नरने 1997 मध्ये आर्डेन ही रेसिंग टीम काढली तेव्हा तिचा ड्रायव्हर तोच होता. 2005 मध्ये रेड बुलच्या फॉर्म्युला वन टीमचा प्रमुख झाला तोवर हेल्मेट खुंटीला टांगून वर्षं झाली होती. जॅक ब्रॅबहॅमने 1966 मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीत फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद मिळवलं, पण ते पुन्हा कोणालाही जमलेलं नाही. आमचं मत विचाराल तर दोन्ही कामं एकाने करूच नयेत.

ड्रायव्हर मॅनेजर झाला की त्याचे हात शिवशिवतात. पोरगं पिटमध्ये येऊन ‘मागून सुटतेय’, म्हणजे मागची चाकं घसरतायत, म्हणालं की मॅनेजर टायरची हवा, ॲक्सल, सीट सगळं एकदम बदलायला सांगतो. लॅप टाइम सुधारला तरी कशाने ते कळत नाही. आता एका सेशनला एकच बदल, आणि तो आधी वहीत.

सगळ्यात जपावं लागतं ते हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, चेन्नईचा ट्रॅक जवळजवळ सपाटीलाच. तिथली हवा दाट, त्यामुळे इथे बरोबर बसलेलं मिश्रण तिथे लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्पार्क प्लग पांढरा पडतो, आणि टू-स्ट्रोक इंजिन लीन झालं की ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पिस्टन अडकतो. देलॉर्टो कार्बोरेटरच्या जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या तोटीचा, नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 158 चा 160 केला की भोकाचं क्षेत्रफळ अडीच टक्के वाढतं. सुरुवातीला तेवढं पुरतं, पुढचं प्लग सांगतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल मात्र दोन्हीकडे तेवढंच, दहा लिटर पेट्रोलला 200 मिली. लीन झालंय म्हणून ऑइल वाढवणारे भेटतात. त्याने पेट्रोलचा वाटा घटून मिश्रण आणखी लीन होतं.

टायरमध्ये हवा सावलीत भरायची. 30 अंशांना 12 पीएसआय भरलेला टायर 70 अंशांना साडेपंधराच्या घरात जातो. उन्हात तापलेल्या टायरला भरून ‘बारा आहे’ म्हणणाऱ्याचा खरा आकडा बाराच्या खालीच असतो.

वजन कार्ट आणि ड्रायव्हर मिळून, रेसनंतर, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट होतं. म्हणून आमचा काटा टाकी जवळजवळ रिकामी ठेवून लागतो. वजन कमी पडलं तर लावायची शिशाची पट्टी सीटला दोन बोल्टने, मागे रुंद वॉशर देऊन. साधा वॉशर फायबरमधून आरपार निघतो आणि पट्टी ट्रॅकवर पडते.

इंदूरच्या लोकमान्यनगरातले आई-बाबा पहिल्यांदा इंजिनचा भाव विचारतात. इंजिन एकदाच घ्यायचं असतं. पैसा जातो टायरमध्ये आणि दक्षिणेच्या फेऱ्यांमध्ये, तो हिशेब आम्ही सीझनच्या आधीच मांडून देतो. कार्ट जुनी असली तरी चालेल. फक्त तिच्या ॲक्सलचा व्यास मोजून कळवा, म्हणजे बेअरिंगं मागवून ठेवता येतात.