हळदीने उंदीर बरे झाले, मग आमच्या अण्णांना किती देऊ?

हळदीने उंदरांचा पार्किन्सन, म्हणजे हात थरथरायला लावणारा मेंदूचा आजार, बरा झाल्याची बातमी वाचून तुमच्या पार्किन्सनवाल्या अण्णांना किती हळद द्यायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. शिवाय सांगलीला घरी आलो की विश्रामबागेत कुणी ना कुणी धरतंच. "अरे तू लॅबमध्ये उंदरांवर काम करतोस ना, हळदीने मेंदूची सूज उतरते, पार्किन्सन थांबतो म्हणे?" आणि सांगली पडली हळदीची पेठ, इथं हळदीला नको म्हणणार कोण!

बातमी खोटी नाहीये. पण उंदराला पार्किन्सन आपणहून होत नाही हो, आम्ही आणतो, बऱ्याचदा एमपीटीपी नावाचं विष टोचून. कॅलिफोर्नियात काही तरुण भेसळीची नशा करून लाकडासारखे ताठ झाले, त्यातून १९८३ मध्ये हे विष उजेडात आलं. ते मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मारतं, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी, मग मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, खवळतात आणि जित्या पेशींनाही सोडत नाहीत. हीच ती सूज.

पुढं उंदराला उभ्या दांडीच्या टोकाला तोंड वर करून ठेवायचं. धडधाकट असला तर गर्रकन वळून सरसर उतरतो. विष दिलेला तिथंच चिकटून बसतो, अर्धवट वळतो, कधी घसरतच खाली येतो. विषाबरोबर औषधही दिलेला जरा लवकर उतरला की आम्ही खूष आणि पेपरात बातमी.

गोम अशी की औषध बऱ्याचदा विषाच्या आधीपासूनच चालू असतं. अण्णांचा हात थरथरायला लागला तेव्हा अर्ध्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असणार, आणि माणसात हे सगळं वर्षानुवर्षं धुमसत असतं, उंदरासारखं आठवडाभरात उरकत नाही. सूज माणसातही असते, १९८८ मध्येच पेशंटच्या मेंदूत खवळलेल्या मायक्रोग्लिया दिसल्यात, पण ती आजाराचं कारण किती आणि परिणाम किती यावर अजून वाद आहे. मायक्रोग्लियांना शांत करणारं एनएलवाय०१ नावाचं औषध २०१८ मध्ये उंदरांत मस्त चाललं, २०२३ मध्ये माणसांवरचा निकाल आला, लक्षणांत फरक नाही. मला स्वतःला त्याच्याकडून लई आशा होती.

हळदीचं तर आणखीच अवघड, तिच्यातलं कामाचं द्रव्य कर्क्युमिन पोटातून घेतलं तर रक्तात फारसं पोचतच नाही. भाजीत घाला की बिनधास्त, हळदीची कॅप्सूल मात्र मिरजेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि अण्णांना हळददूध द्यायचंच असेल तर लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीबरोबर देऊ नका, दुधातल्या प्रोटीनमुळे गोळी नीट लागत नाही. गोळी आधी, दूध तासाभराने.